खाऱ्या पाण्याला शुगर

गांधीबाग, नागपूर
२ डिसेंबर २०२५

मावशी,

पाया पडतो. तू म्हणालीस म्हणून अंतर्देशीय पत्रावर लिहून राहिलो. फोनवर मी बोलता बोलता मधातच काही तरी पाहतो अन् "थांब वं मावशी" म्हणून गायब होतो, पत्रात निदान वाक्य तरी पुरं करीन, हे तुझं म्हणणं मला पटलं. पण खरं सांगू? पहिलं वाक्य लिहिलं अन् खालून वरातीचा बँड गेला. क्लॅरिनेटवाला ओळखीचा निघाला. त्याच्या मागे मागे पार लकडगंजपर्यंत गेलो. आता परत आलो. तर हे दुसरं वाक्य.

मी सध्या धर्मेंद्रभाऊंच्या स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात आहे. साड्यांचे डबे, लग्नपत्रिका, कापडी पिशव्या. चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, जाळीवर शाई, अन् रबराची पट्टी दाबून एकच ओढा. जाळीत जिथं वाट मोकळी, तिथूनच शाई खाली उतरते. चौकट उचलली की खाली चि. सौ. कां. हजर! पॉलिटेक्निक सोडल्यावर मी रायपूरच्या ट्रकवर क्लीनर होतो, मग पेंचला जंगलातल्या हॉटेलात, मग तर्री-पोह्याच्या गाडीवर. कुठंच असा चौकट उचलतानाचा आनंद नव्हता.

परवा दुकानात एक मॅडम आल्या. डॉक्टर भूमिका. सुईवाल्या डॉक्टर नव्हेत, रसायनवाल्या. इथल्याच एका कॉलेजात त्यांची लॅब आहे. म्हणाल्या, मला पत्रिका नको, या प्लास्टिकच्या शीटवर तीन काळ्या रेघा छापून पाहिजेत, एकीसारखी दुसरी. भाऊ म्हणाले, "मॅडम, तीन रेघांत कोणाचं लग्न लावून राहिले तुम्ही?"

त्या हसल्या अन् म्हणाल्या, साखरेचं अन् विजेचं. शुगर तपासायची पट्टी असते ना, बोटाला टोचून थेंब लावायची, ती अशीच छापतात म्हणे! मला माहीतच नव्हतं. मी त्या दिवशी जेवायचंही विसरलो. भाऊंनी मला आठवड्यातले काही दिवस त्यांच्या लॅबला उधार दिलं आहे.

आता मुख्य गोष्ट. मावसाजी धोतर घ्यायला गांधीबागेत आले होते. मी चहा पाजला, तर म्हणाले, "तुझ्या मावशीनं गोड सोडलं बापू. आयुष एका जागी टिकेस्तोवर साखरेचा कण तोंडात घालणार नाही म्हणते. नवस बोलली."

खरं का वं? तू? चहात दोनदा साखर घालणारी? मला तर रडू यायला लागलं, पण तेवढ्यात मावसाजींचं धोतर टपरीवरच्या कुत्र्यानं ओढलं अन् राहून गेलं. यावेळी मी टिकणार. तुझ्या पुरणपोळीची शपथ.

तुझा,
आयुष


कन्हान
९ डिसेंबर २०२५

चि. आयुषला अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पत्त्यात पिनकोड नव्हता, तरी पोहोचलं, कारण टपालात अजून माझ्या हाताखाली शिकलेली माणसं आहेत. जन्मभर कन्हानच्या पोस्टात शिक्के मारले मी, अन् माझाच भाचा पिनकोड लिहीत नाही!

नवसाचं खरं आहे. कोणत्या देवाला बोलली ते विचारू नको, सांगितलं की फळत नाही. तुझ्या मावसाजींच्या पोटात काही राहत नाही, त्यांना धोतर ओढणारा कुत्राच बरोबर भेटला.

काम मन लावून कर. मॅडमना उलटून बोलू नको. खिडकीजवळ बसू नको, तुझं लक्ष बाहेर जाते.

तुझ्या त्या पट्टीबद्दल एक विचारायचं होतं. सहजच. त्यात किती आकडा आला म्हणजे जास्त? अन् जास्त आला तर पुढं काय होते? आपल्या शेजारच्या सोनिकाची सासू विचारत होती. तिला कोणी नीट सांगत नाही.

मावसाजींच्या मित्राचा टेम्पो नागपूरला येऊन राहिला, त्याच्यासोबत काटोलची संत्री पाठवते, मोठं टोपलं. भाऊंना दे, मॅडमना दे, पण तू खा. हिवाळ्यात ओठ फुटतात तुझे.

मावशी


नागपूर
२० डिसेंबर २०२५

मावशी,

पिनकोड लिहिला आहे, पाहून घे.

संत्री पोहोचली! भाऊ म्हणतात, अशी गोड संत्री खाल्ली नाहीत. लॅबमध्ये खायला बंदी आहे, म्हणून मी दुपारी बाहेरच्या ओट्यावर उन्हात बसतो, एकेक सोलत. समोर चिंचेच्या झाडावर एक खारूताई राहते. तिचं शेपूट अर्धंच आहे. तिच्यावर मी एक पानभर लिहू शकतो, पण नको, तू रागावशील.

पट्टी कशी होते ते ऐक. आधी काळी शाई, कोळशाची. मग चांदीची शाई, एका रेघेपुरती. मग वरून आवरण, फक्त टोकाशी एक गोल उघडा ठेवायचा, मसुराच्या दाण्याएवढा. त्या गोलात मॅडम एन्झाइमचा थेंब सोडतात अन् वाळवतात. हे एन्झाइम म्हणजे मोठं इमानी पात्र. रक्तात साखरही असते, मीठही असते, हजार गोष्टी असतात, पण ते हात घालते फक्त ग्लुकोजच्या गळ्यात. त्या दोघांच्या झटापटीत जो विजेचा कण सुटतो तो काळ्या रेघेतून यंत्रात जातो. साखर जास्त, करंट जास्त. संपलं! एवढ्याशा गोलात!

माझं काम छापणं, कापणं, अन् वाळलं का पाहणं. मॅडमनी रबरी हातमोजे दिलेत, पण त्यात मला काहीच कळत नाही. भाऊंनी शिकवलंय, वाळलं का ते डोळ्यानं नाही, बोटाच्या टोकानं पाहायचं. म्हणून मी मोजा काढतो, हलकंच टेकवतो, परत घालतो. मॅडमना दिसत नाही.

काल आम्ही साखरेची वेगवेगळी पाणी करून सकाळच्या पट्ट्या तपासल्या. सगळे ठिपके एका सरळ रेघेत आले. मॅडम खुर्चीवरून उठल्या अन् म्हणाल्या, "आयुष, यंत्रावर छापलं असतं तरी इतकं सारखं आलं नसतं." मावशी, मला आजवर कोणी "इतकं सारखं" म्हटलं नव्हतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मोठे डॉक्टर पाहायला येणार आहेत. त्यांना पटलं तर काम पुढं चालेल अन् मॅडम मला लॅबमध्येच ठेवून घेतील. मग तू पुरणपोळी खा, मी वाढीन.

सोनिकाच्या सासूला सांग, उपाशीपोटी शंभराच्या आत असलं तर बरं. पण मॅडम म्हणतात, बोटाच्या एका थेंबावर काही ठरवायचं नाही, दवाखान्यात जाऊन हाताच्या शिरेतून रक्त द्यायचं. तिचा आकडा किती आला?

तुझा,
आयुष


कन्हान
२९ डिसेंबर २०२५

चि. आयुष,

सारखं आलं हे वाचून मी पत्र मावसाजींना दोनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आपलाच आयुष काय?" मी म्हटलं, पत्ता तर आपलाच आहे.

सोनिकाच्या सासूचा आकडा दोनशे एकेचाळीस आला होता. नोव्हेंबरात इथं चौकात शिबिर होतं तेव्हा. तेव्हापासून बिचारीनं गोड सोडलं, भात सोडला, संत्र्याला तर हातच लावत नाही. घरात काही सांगितलं नाही. दवाखान्यात जा म्हटलं तर जात नाही. तिच्या आईला हीच शुगर होती रे, शेवटी पाय कापावा लागला. लेक म्हणून दवाखान्यातलं सगळं तिनंच केलं, ते विसरणं होत नाही. शिरेतून रक्त दिलं अन् तोच आकडा आला तर मग खरंच ठरते ना ते! त्यापेक्षा नाही कळलेलं बरं, असं ती म्हणते.

असो. दुसऱ्याच्या घरची गोष्ट. तुझी पट्टी चांगली झाली की सांग. ती म्हणते, आयुषच्या हातची पट्टी असली तर एखादवेळेस बोट पुढं करीन.

स्वेटर घालतोस का? लॅबमध्ये मोजे काढत जाऊ नको, थंडी आहे.

मावशी


नागपूर
८ जानेवारी २०२६

मावशी,

घोळ झाला.

डॉक्टर लोकांपुढं दाखवायच्या पट्ट्या छापल्या. त्यातल्या अर्ध्या शहाण्या अन् अर्ध्या बह्याड निघाल्या. मॅडमनी शेवटी साखर अजिबात नसलेलं, नुसतं खारं पाणी थेंबभर लावलं. आकडा आला! मॅडम चष्मा काढून म्हणाल्या, "आयुष, मिठाच्या पाण्याला शुगर झाली आहे."

मला हसू आलं अन् तेच नडलं. त्या काही ओरडल्या नाहीत. पण म्हणाल्या, छपाईत काही तरी बिघडतंय, अन् कारण नाही सापडलं तर मला यंत्रावर छापून देणारा माणूस पाहावा लागेल. भाऊ म्हणाले, "शाई बदलून पाह्य." बदलली. जाळी बदलली. चौकट बदलली. सकाळच्या पट्ट्या ठीक येतात, दुपारच्या वेड्या होतात. मॅडम म्हणतात, दुपारी हवेत काही फरक पडतो का? मी म्हटलं, माझ्यातही पडतो.

खरं सांगतो, काल पिशवी भरली होती. स्टेशनवर गेलो. रायपूरची गाडी लागली होती, क्लीनरचं काम ओळखीनं मिळालं असतं. बाकावर बसलो. बाजूला एक माणूस मुलीला संत्रा बर्फी भरवत होता. ती पोट्टी अर्धी खायची, अर्धी त्याच्या मिशीला लावायची. मला तू आठवलीस. म्हटलं, ही गाडी गेली तर मावशी जन्मभर फिका चहा पिणार. परत आलो.

तुझी संत्री अजून थोडी उरलीत. डोकं चालेनासं झालं की जेवणाच्या सुट्टीत ओट्यावर जाऊन सोलतो अन् पुन्हा कामाला लागतो. तेवढाच आधार.

आयुष


कन्हान
१६ जानेवारी २०२६

चि. आयुष,

परत आलास हे फार चांगलं केलंस. तुझ्या पत्रावरच्या शिक्क्यात तारीख नीट उमटली नाही, पण ते तुझं चुकलं नाही.

भैताडासारखं मनाला लावून घेऊ नको. काम बिघडते, माणूस बिघडत नाही. आमच्या पोस्टात एकदा महिनाभर सगळी पत्रं शेजारच्या गावाला जात होती, कोणी राजीनामा नाही दिला.

परवा संक्रांत झाली. बाया आल्या, तीळगूळ वाटला, वाण दिलं. सगळ्या म्हणाल्या, एक तरी घ्या वं. मी म्हटलं, नवस आहे. आधी सोपं होतं. आता हातात लाडू धरून दुसऱ्याला देताना जीव खालीवर होते.

म्हणजे सोनिकाच्या सासूचंही तसंच होते म्हणे.

त्या शिबिराचं तू विचारलं नाहीस, पण सांगते. एवढी गर्दी होती त्या दिवशी! रांग मारुतीपर्यंत. आम्ही डब्यात संत्री नेली होती, बसल्या बसल्या सोलून बायांना फोडी वाटत होतो. मधातच नाव पुकारलं. हातातली साल तशीच टाकून धावत गेली. ती पोट्टी सुई घेऊन तयारच होती, तिनं बोट धरलं, टोचलं, थेंब लावला, मोकळी! मावसाजी मागून विचारत होते, "किती निघाली?" मी म्हटलं, "नॉर्मल हाय."

माझं लिहिणं आता तुझ्यासारखं भरकटून राहिलं. पुरे.

मावशी


नागपूर
१९ जानेवारी २०२६

मावशी!! मावशी!!

नमस्कार राहिला, मागाहून करतो.

तुझं पत्र ओट्यावर बसून वाचत होतो. डाव्या हातात पत्र, उजव्या हातात संत्रं. "हातातली साल तशीच टाकून" इथं पोहोचलो अन् माझ्या बोटांकडं पाहिलं. चिकट. पिवळी. अन् त्याच बोटांनी मी सुट्टीनंतर पट्ट्या वाळल्या का पाहतो!

धावत आत गेलो. मॅडम कोणाशी तरी फोनवर होत्या. मी म्हटलं, "मॅडम, खाऱ्या पाण्याले शुगर नाई झाली, माह्या बोटाले झाली!" त्यांनी फोन ठेवला. मी सगळं सांगितलं, मोजा काढण्यापासून संत्र्यापर्यंत. मला वाटलं, आता संपलं. त्या अशा हसल्या की चष्मा खाली पडला. म्हणाल्या, संत्र्यात साखर तर आहेच, वरून व्हिटॅमिन सी, तेही पट्टीला फसवून खोटा करंट देते. मग रागावल्याही. बऱ्याच रागावल्या. मोज्यांवरून. ते तुला सांगत नाही.

मग आम्ही मजाच केली. बाजारातलं चांगलं मशीन आणलं. मी साबणानं हात धुऊन थेंब दिला, शहाण्णव. मग संत्रं सोललं, तसंच बोट टोचलं, एकशे एक्क्याऐंशी! तोच मी, तेच रक्त! मॅडमनी स्वतः करून पाहिलं, त्यांचंही तसंच. शेवटी भाऊंना फोन करून बोलावलं. भाऊ म्हणाले, "माह्या बोटाले काऊन टोचता, मी तर पत्रिका छापतो," पण त्यांनीही दिलं.

आता गंभीर गोष्ट. मी रात्री झोपायला आडवा झालो अन् एकदम उठून बसलो. मावशी, सोनिकाच्या सासूच्या तेरवीला मागच्या वर्षी मीच बुंदी वाढत होतो ना वं? दोन पंगती वाढल्या, तूच म्हणालीस, पोट्ट्या हात सैल सोड. मग ही शिबिरात गेली कोण? जिच्या आईचा पाय कापला ती कोण? आजीचा पाय मी लहान असताना गेला, तू दवाखान्यात तिच्याजवळ राहायचीस, मला शाळेतून आणून तिथंच बसवायचीस. एवढं लिहिलंस अन् मला दीड महिना कळलं नाही. माझं लक्ष त्या खारूताईच्या शेपटात होतं.

तो नवस माझ्यासाठी नव्हता. नसू दे. पण तू एकटीनं भ्यायचं नाही.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, संत्र्यानं आकडा फुगला असेल, पण फुगलाच होता असं धरून चालायचं नाही, आईला होती तर तपासायलाच पाहिजे. उपाशीपोटी ये. पहिल्या गाडीनं. मावसाजींना घेऊन. हात धुऊन.

आयुष


कन्हान
२३ जानेवारी २०२६

आयुष,

पत्र मावसाजींनी आधी फोडलं. अंतर्देशीय पत्र दुसऱ्यानं फोडू नये एवढंही पोस्टातल्या बाईच्या नवऱ्याला कळू नये!

वाचून ते उठले. स्वयंपाकघरात गेले, चहा केला, त्यांच्या कपात साखर घातली नाही अन् माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "आजपासून मी बी फिका पितो. तू एकटी काऊन पिशील?" लग्नाला एवढी वर्षं झाली, मी त्यांच्यापुढं अशी पहिल्यांदाच रडली.

मेलेल्या बाईचं नाव घेतलं, तिच्या फोटोला हात जोडून आली. दुसरं नाव सुचलं नाही त्या वेळी.

येतो आम्ही. भीती वाटते. पण येतो.

मावशी


नागपूर
४ फेब्रुवारी २०२६

मावशी,

तुम्ही गाडीत बसल्यापासून मी लिहीन लिहीन करून राहिलो.

तुझा तो कागद मी माझ्या खोलीत भिंतीवर लावला आहे. उपाशीपोटी एकशे चार. तीन महिन्यांची सरासरीही काठावरची. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आजार नाही, पण दाराशी येऊन उभा आहे, आत घेऊ नका. रोज चाला, वर्षातून दोनदा तपासा, गोड सणावारी अन् तेही बेतानं. तू त्यांना विचारलंस, "बेतानं म्हणजे किती?" अन् त्यांनी बोटानं दाखवलं, तेव्हा मावसाजी पटकन म्हणाले, "जरा मोठं बोट दाखवा ना बाई." मी आजही आठवून हसतो.

परवानगीच्या कागदावर सही करून तू माझ्या पट्टीसाठी बोट पुढं केलंस, तेव्हा थेंब मीच लावला. मोजे घालून, खरंच. एकशे सात आला. शिरेतून एकशे चार, माझ्या पट्टीवर एकशे सात! मॅडम म्हणाल्या, एवढ्या फरकात चालते. तू म्हणालीस, "तीन जास्त का आले मग?"

डॉक्टर लोकांचं काल झालं. मॅडमनी त्यांना खारं पाणी, साखरेचं पाणी, सगळं दाखवलं, अन् शेवटी संत्र्याची गोष्टही सांगितली. मला वाटलं नाक कापलं. पण त्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी दोनदा ऐकली. म्हणाले, पट्टीच्या प्रत्येक डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापा, आधी हात धुवा. ते छापायचं काम धर्मेंद्रभाऊंना मिळालं. भाऊंनी विचारलं, बाजूला गणपती टाकू का?

काम पुढं चालणार. मॅडमनी मला दोन वर्षांसाठी घेतलं. दोन वर्षं, मावशी! मी कधी दोन वर्षं एका चपलेतही राहिलो नाही.

पण तुझा नवस खोटा होता. मग आता तो फिटला म्हणायचं की नाही?

तुझा,
आयुष


कन्हान
१२ फेब्रुवारी २०२६

चि. आयुष,

हाच प्रश्न मी मावसाजींना विचारला. ते सकाळी माझ्यासोबत नदीच्या पुलापर्यंत चालायला येतात, अर्ध्यातच दमतात अन् मग प्रश्नांची उत्तरं देतात. म्हणाले, "तू खोटं बोलली हे देवाले का माहीत? त्यानं ऐकलं, पोट्ट्याले टिकवलं. आता फेडावं लागते."

खरी गोष्ट सांगू? नवस बोलली तेव्हा मनात शुगर होती, पण तोंडात तुझंच नाव कसं आलं? दुसरं काहीही सांगता आलं असतं. म्हणजे अगदी खोटा नव्हता तो.

म्हणून पुढच्या रविवारी, २२ तारखेला, आम्ही दोघं येऊन राहिलो. पुरणपोळी घेऊन, मोजून. माझ्या वाट्याची अर्धी, डॉक्टरबाईंच्या बोटाएवढी, तुझ्यासमोर खाईन. मॅडमना अन् भाऊंना पण बोलाव. हात धुतल्याशिवाय कोणाला वाढणार नाही.

एवढंच विचारायचं आहे. मागं तीनदा मी तुझ्या पत्त्यावर आली अन् तीनदा तू दुसरीकडं गेला होतास. एकदा तर डबा घेऊन पेंचच्या जंगलातून परत फिरली. या वेळी तू तिथंच सापडशील ना?

मावशी


नागपूर
१४ फेब्रुवारी २०२६

मावशी,

सापडतो. ये.

आयुष